दर्यावरची उमेदवारी

आमच्या ग्वाल्हेरच्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. मुंबईचा किनारा येथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. किल्ल्याचा कडा आणि चंबळेची खोरी पाहत वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटीची व्याख्या पाठ असते, भरती मात्र त्याने पाहिलेली नसते. तरीही ह्या शहराचे समुद्राशी काहीच नाते नाही, असे म्हणता येणार नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' नावाची आगबोट मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाली. हिंदी भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीची ती बोट. तिच्या प्रवासाचे स्मरण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ही बोट मूळची कॅनडाच्या एका कंपनीची, 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ती आमच्या माधवराव महाराज शिंद्यांनी घेतली, तिचे रुग्णालय-जहाज केले आणि तिला 'लॉयल्टी' हे नाव दिले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती शिंद्यांकडून विकत घेतली. त्यांच्या कंपनीच्या नावात 'सिंदिया' आले ते ह्याच नात्याने.

आणखी एक गंमत भाषेची. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली जेथे पडला, त्या वस्तीचे नाव लष्कर. फारसीतला हाच शब्द पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या तोंडी जाऊन 'लॅस्कर' झाला, आणि त्यांच्या जहाजांवरच्या हिंदी खलाशाला तो चिकटला. तेव्हा लष्करच्या एखाद्या मुलाने खलाशी व्हावे, ह्यात शब्दाच्या दृष्टीने तरी नवल नाही.

असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. आज तो एका मालवाहू जहाजाचा कप्तान आहे. गेल्या हिवाळ्यात तो महिनाभर रजेवर आला असता माझ्या विनंतीला मान देऊन शाळेत आला आणि वरच्या वर्गांतील मुलांशी दोन तास बोलला. मुलांना वाटले होते, देशोदेशीच्या बंदरांच्या सुरस कथा ऐकायला मिळतील. त्याने सांगितल्या त्या आपल्या उमेदवारीच्या पहिल्या दिवसांच्या आठवणी. मला त्या इतक्या मोलाच्या वाटल्या की ह्या महिन्याचे पान त्यांनाच द्यावे असे ठरविले.

तो १९९६ साली बारावी झाला. वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडलेली. ते एका दुकानात हिशेब लिहीत. मुलगा गणितात चांगला, पण शिक्षणावर फार खर्च करण्याची घरची ऐपत नव्हती. वाचनालयात आलेल्या वर्तमानपत्रात त्याने सरकारी नौकाप्रशिक्षणाची जाहिरात वाचली. आईने आठ दिवस विषय टाळला. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "सुट्टीत घरी येता येतं ना?" परीक्षा झाली, डोळे तपासले गेले आणि मुलगा नवी मुंबईला 'चाणक्य'वर दाखल झाला.

'चाणक्य' म्हणजे नावाने प्रशिक्षण-जहाज, पण ते उभे आहे जमिनीवर, नेरूळजवळच्या करावे येथे. त्याची परंपरा मात्र खऱ्या जहाजांची आहे. १९२७ साली मुंबईच्या बंदरात 'डफरिन' ह्या बोटीवर हिंदी मुलांना अधिकारी होण्याचे शिक्षण प्रथम सुरू झाले. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली, आणि १९९३ मध्ये 'राजेंद्र'चे काम 'चाणक्य'कडे आले. तेथे तीन वर्षे नौकानयनाचे शास्त्र, तारे, नकाशे, दोराच्या गाठी आणि पहाटेची कवायत करून १९९९ मध्ये हा मुलगा बाहेर पडला. ऑक्टोबरच्या आरंभी कंपनीचा निरोप आला : मुरगावच्या बंदरात जहाजावर हजर व्हावे. ग्वाल्हेरच्या फलाटावर गोवा एक्स्प्रेसमध्ये बसला तो वास्कोला उतरला.

पहिल्या दिवशी त्याला जहाज दिसले ते नांगरावर उभे असलेले. सुमारे सव्वादोनशे मीटर लांबीचे, सात होल्डांचे, साठ हजार टनांहून अधिक लोहखनिज पोटात घेणारे. मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांतून खनिजाने भरलेले बार्ज येत, जहाजाला लागत आणि क्रेनचे पंजे ते लाल धन उचलून होल्डात ओतीत. अंगावर, अन्नात, अंथरुणात सर्वत्र तीच लाल धूळ. पांढऱ्या गणवेशाचे स्वप्न घेऊन आलेल्या मुलाच्या हाती हातोडी दिली गेली. गंज ठोकून काढायचा, लोखंड घासायचे, त्यावर रंगाचा पहिला हात द्यायचा. पहाटे उठून पाण्याच्या टाक्यांत मोजपट्टी सोडायची आणि पाणी किती सेंटिमीटर चढले ते वहीत लिहायचे. कॅडेट हा ना अधिकारी ना खलाशी. जेवायला अधिकाऱ्यांबरोबर, राबायला खलाशांबरोबर.

खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. हा शब्दही फारसीच. 'सरहंग' म्हणजे नायक. जहाजावरचा सारंग रत्नागिरीकडचा होता. ह्या मुलाचे ग्वाल्हेरी मराठी ऐकून त्याला प्रथम हसू येई. "तुझी मराठी आगगाडीतून आलेली दिसते," असे तो म्हणे. पण परक्या वातावरणात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला, हे मुलाला केवढे तरी बळ होते. गाठ कशी मारावी, ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही का उभे राहू नये, शिडीवर एक हात स्वतःसाठी आणि एक हात कामासाठी कसा ठेवावा, हे सारे ह्या सारंगाने शिकविले. "पुस्तकातलं शिक्षण बोटीवर चढवतं, पोरा, खाली सुखरूप उतरवायचं काम हाताला लागलेली सवय करते," हे त्याचे वाक्य कप्तानाने आमच्या मुलांना दोनदा सांगितले.

आता ह्या आठवणींतला मुख्य प्रसंग.

लोहखनिजाची बारीक भुकटी पाहायला कोरडी दिसते, पण तिच्या कणांमधल्या पोकळीत पाणी असते. पावसाळा नुकताच सरलेला असला, तर उघड्यावर पडलेल्या ढिगांत ते अधिकच असते. जहाज समुद्रात हेलकावे खाऊ लागले आणि इंजिनाच्या कंपाने माल दबू लागला, की कण जवळ येतात, मधल्या पाण्यावर दाब वाढतो आणि घट्ट दिसणारा हजारो टनांचा ढीग चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका बाजूला कलले की तोही त्याच बाजूला सरकतो आणि परत येत नाही. मग जहाज उलटायला फार वेळ लागत नाही. म्हणून खलाशांनी एक साधी चाचणी ठरविली आहे. अर्धा-एक लिटरचा पत्र्याचा डबा घ्यायचा, तो अर्धा भुकटीने भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण पृष्ठावर पंचवीस वेळा आपटायचा, दर आपटण्यामध्ये एक-दोन सेकंदांचे अंतर ठेवून. नंतर वरचा थर पाहायचा. त्यावर पाणी सुटले किंवा भुकटी पातळ झाल्यासारखी दिसली, तर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो माल घ्यायचा नाही.

चीफ ऑफिसरने हा डबा कॅडेटच्या हाती दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेल्या एका बार्जमधील भुकटीवर, पंचवीस ठोके झाल्यावर, पाण्याची पातळ चकाकी दिसली. मुलगा धावत सांगायला गेला. चीफ ऑफिसर स्वतः आला. त्याने विचारले, "तू काय पाहिलंस? काय वाटलं ते नको सांगू." मुलाने सांगितले, "वरच्या थरावर पाणी आलं, सर." दोघांनी मिळून आणखी दोन नमुने घेतले. तिन्ही वेळा तेच दिसले. भरणी थांबली. माल पाठविणाऱ्यांचे लोक जहाजावर आले. कागदांवर ओलाव्याचे आकडे ठीक होते. 'काल बोटीवर चढलेल्या पोराच्या डब्यासाठी जहाज खोळंबून ठेवणार का?' असा त्यांचा सूर होता. त्यांनी खोटे सांगितले असे नाही. त्यांच्याकडे आकडा ढिगाचा होता, आणि हा बार्ज ढिगाच्या कोणत्या भागातून भरला ते कोणालाच सांगता येत नव्हते.

जहाज खोळंबले की पैसा जातो, हे सर्वांनाच ठाऊक होते. कप्तानाने मुलाला सर्वांसमोर पुन्हा विचारले. "त्या वेळी माझे पाय कापत होते," असे आज तो सांगतो. "दोन शब्द मऊ केले असते, 'कदाचित्‌' म्हटलं असतं, तरी सुटलो असतो. पण जे पाहिलं होतं ते तिन्ही वेळा एकच होतं." तो बार्ज परत गेला. अर्धा दिवस मोडला. कोणी शाबासकी दिली नाही. चीफ ऑफिसरने एवढेच सांगितले, की आता डबा धुऊन ठेव आणि पुढच्या बार्जवर जा. जहाज सुखरूप जपानला पोहोचले. तो माल घेतला असता तर काय झाले असते, हे कधीच कळायचे नव्हते. सावधपणाचे फळ असे डोळ्यांना दिसत नाही. ते न घडलेल्या गोष्टीत असते.

दहा वर्षांनी, जुलै २००९ मध्ये मंगळूरनजीक 'एशियन फॉरेस्ट' आणि सप्टेंबर २००९ मध्ये पारादीपनजीक 'ब्लॅक रोज' अशी दोन जहाजे बुडाली. दोन्हींत लोहखनिजाची भुकटी होती. तोवर हा मुलगा स्वतः चीफ ऑफिसर झाला होता. अशा मालासंबंधीचा आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह १ जानेवारी २०११ पासून सर्वांना बंधनकारक झाला. पण नियम कितीही कडक झाला, तरी शेवटी डबा आपटून वाकून पाहणारा कोणी तरी तरुण लागतोच, आणि त्याने पाहिले ते सांगावे लागते.

मुरगाव सुटले ते १४ ऑक्टोबरला. श्रीलंकेच्या दक्षिणेला वळसा घालून जहाज सुमात्राच्या उत्तर टोकाकडे निघाले. जहाजावर चोवीस तासांचे तीन भाग असतात, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला दिवसातून दोनदा चार-चार तासांचा पहारा. मुलगा चीफ ऑफिसरबरोबर पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ उभा राही. पूर्वेकडे जाताना दर पंधरा रेखांशांना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. आम्ही वर्गात शिकविलेले हे गणित त्याला तेथे झोपेतून वजा होताना कळले. उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र जहाजावर होते, तरी कप्तान त्याला दररोज दुपारी सेक्स्टंटने सूर्य मोजायला लावी. "यंत्र बंद पडेल त्या दिवशी तू उघडा पडता कामा नये," एवढेच त्याचे कारण. बिनतारी संदेशाची खोली रिकामी होती. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसंदेशाची नवी उपग्रहपद्धती पूर्णपणे लागू झाली होती आणि रेडिओ ऑफिसर हे पदच जहाजांवरून उठत चालले होते.

मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री चाचेगिरीची भीती. मागच्या डेकवर दोन माणसे जागी ठेवायची, पाण्याचे पाइप दाबाखाली तयार ठेवायचे, अंधारात जवळ येणाऱ्या प्रत्येक होडीवर नजर ठेवायची. नंतर कळले, की त्याच आठवड्यात, २२ ऑक्टोबरला, 'अलोंद्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाच्या बंदरातून निघताच चाच्यांनी पळविले होते. त्यावरील १७ जणांना त्यांनी तराफ्यावर सोडून दिले. दहा दिवसांनी थायलंडच्या एका मासेमारी नौकेने त्यांना वाचविले. जहाजाला नवा रंग आणि नवे नाव देऊन चाचे अरबी समुद्रात आले. तेथे आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' ह्या नौकेने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने पाठलाग करून १६ नोव्हेंबरला त्यांना पकडले. ताराबाईचे नाव ऐकून आमच्या वर्गातील मुलांनी टाळ्या वाजविल्या.

इकडे घरची स्थिती निराळी. २९ ऑक्टोबरला ओरिसाच्या किनाऱ्यावर महावादळ आदळले. रेडिओवर बातम्या ऐकून मुलाची आई अन्न घेईना. मुलगा 'बंगालच्या समुद्राकडून' जाणार, एवढेच तिने ऐकलेले. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, पृथ्वीचा गोल आहे ना? तो आत्ता कुठे असेल, ते दाखवता का?" भूगोलाच्या खोलीत आम्ही दोघांनी गोलावर दोरा धरला. ताशी तेरा सागरी मैल, म्हणजे दिवसाला तीनशे बारा. निघाल्याची तारीख त्याच्या पत्रात होती. दोरा श्रीलंका ओलांडून, सिंगापूर ओलांडून कितीतरी पुढे गेला. वादळ मागे पडले होते. वडिलांनी दोऱ्याच्या टोकावर बराच वेळ बोट ठेवले. नंतर तोच दोरा त्यांनी मागून घेतला आणि घरी नेला. दिवाळीच्या तोंडावर शेजाऱ्यांच्या फोनवर जपानहून दोन मिनिटांचा फोन आला. दक्षिण चिनी समुद्रात समोरून येणाऱ्या लाटांनी त्याचे चार दिवस फार हाल झाले होते. कोरडी पोळी खाऊन, क्षितिजाकडे पाहत काम करीत राहा, ह्या सारंगाच्या उपायाने तो सावरला होता. त्यातले काहीही त्याने आईला सांगितले नाही. जेवण चांगले मिळते, एवढे सांगितले.

हा मुलगा २००१ मध्ये सेकंड मेटची परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाला. वडिलांचे कर्ज फिटले, घर झाले. पण बहिणीच्या लग्नात तो नव्हता आणि आजीचे अखेरचे दर्शन त्याला घडले नाही. हा हिशेबही त्याने मुलांपासून लपविला नाही.

आपल्या घरांतून आजही कोणी मुलगा वा मुलगी ह्या वाटेने जाण्याचा हट्ट धरील. मुलीचे नाव घेतो ते जाणूनबुजून. जून २०१५ मध्ये 'संपूर्ण स्वराज्य' ह्या जहाजाच्या कप्तान राधिका मेनन ह्यांनी ओरिसाच्या किनाऱ्यापासून दूर, खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांचे प्राण वाचविले आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य-सन्मान मिळविला. पालकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बारावीला भौतिकी, रसायन आणि गणित हे विषय हवेत, इंग्रजी चांगले हवे. नौकानयनाच्या शाखेला दृष्टी निर्दोष लागते, रंगांधळेपण चालत नाही. तेव्हा अर्जापूर्वीच डोळे तपासून घ्यावेत. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हा आता मुख्य दरवाजा आहे. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्य यादीत आहे की नाही, आणि नोकरी देणाऱ्या मध्यस्थाकडे त्याच महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे स्वतः पाहावे. नोकरी लावून देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. दागिने गहाण टाकून दिलेल्या पैशांवर मुले परदेशी बंदरांत अडकून पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ह्यापलीकडचा एक गुण प्रवेशपरीक्षेत मोजला जात नाही, आणि तो अंगी बाणविण्याचे काम आपल्या घरी आणि आमच्या शाळेतच व्हायला हवे. प्रयोगशाळेच्या वहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवून काढणारा मुलगा आम्ही रोज पाहतो. 'उत्तर जमलं ना?' म्हणून आपण त्याला सोडून देतो. उद्या त्याच्या हाती पत्र्याचा डबा येईल, सभोवती मोठी माणसे घाईत उभी असतील आणि कागदांवरचे आकडे ठीक असतील. त्या वेळी त्याने पाहिले ते सांगावे असे वाटत असेल, तर आज त्याच्या वहीतला चुकलेला पण खरा आकडा आपण रागावल्याविना वाचला पाहिजे. भाषण संपल्यावर आमच्या एका मुलाने कप्तानाला विचारले, "तो बार्ज घेतला असता आणि काहीच झालं नसतं तर?" कप्तान म्हणाला, "तरी वहीत पाणीच लिहिलं असतं."